शिस्तभंगाची कारवाई : पात्रता, कालावधी आणि अपवाद

शिस्तभंगाची कारवाई ही सरकारी सेवेतील एक प्रक्रिया असून तिचा वेग आरोपाच्या गांभीर्याशी व्यस्त प्रमाणात असतो. आरोप जितका किरकोळ, तितकी ती चपळ. पुणे-सोलापूर महामार्गावर मोडनिंबच्या थांब्यावर एसटीचे मार्ग तपासणी पथक गाडीत चढते. मागच्या बाकावरच्या म्हातारीकडे तिकीट सापडत नाही, वाहकाच्या पिशवीतली रोकड आणि मशीनचा हिशोब जुळत नाही. तिथल्या तिथे जबाब लिहिला जातो, म्हातारीचा अंगठा घेतला जातो आणि गाडी आगारात पोचण्याआधी वाहकाला कळलेले असते की आता चार्जशीट येणार. तिकीट म्हातारीच्या चंचीत होते, हे पुढे निघते. पण ते पुढे.

कोठडीतला माणूस नाहीसा होणे ही गंभीर बाब असल्याने तिला वेळ लागतो. त्यातही संबंधित कर्मचारी विशेष पथकातला असेल तर प्रक्रियेचे स्वरूपच पालटते. वर्तमानपत्रे ज्यांना ‘चकमकफेम’ म्हणतात, त्या अधिकाऱ्यांचा वर्ग मुंबईत 1990च्या दशकात उदयास आला. या वर्गाचे मोजमाप आकड्यांत होई आणि आकडे नावामागे पदवीसारखे लावले जात. सहायक पोलिस निरीक्षक सचिन वाझे यांच्या नावावर साठहून अधिक चकमकी सांगितल्या जात. महाराष्ट्रात या विषयाचा अभ्यास करायचा तर त्यांच्याच प्रकरणापासून करावा लागतो, कारण कारवाईची बहुतेक सर्व कलमे त्यात एकाच फायलीत सापडतात.

2 डिसेंबर 2002 रोजी घाटकोपर स्थानकाबाहेर बेस्टच्या बसमध्ये स्फोट होऊन दोघे मृत्युमुखी पडले. तपासात पोलिसांनी मूळचा परभणीचा, दुबईत नोकरी करणारा 27 वर्षांचा संगणक अभियंता ख्वाजा युनूस याला 25 डिसेंबरला ‘पोटा’ या दहशतवादविरोधी कायद्याखाली अटक केली. 2003च्या जानेवारीत पोलिसांनी कळवले, ते असे : युनूसला तपासासाठी औरंगाबादकडे नेत असताना 6 आणि 7 तारखेच्या दरम्यानच्या रात्री जीप पारनेरजवळ दरीत गेली आणि तो अंधारात पळाला. पारनेर पोलिस ठाण्यात तशी फिर्यादही नोंदवली गेली.

फिर्याद रीतसर होती. अडचण एवढीच झाली की, सहआरोपी असलेल्या एका डॉक्टरने न्यायालयात वेगळे सांगितले. त्याच्या म्हणण्यानुसार 6 जानेवारीला युनूसला कोठडीत कपडे उतरवून मारहाण झाली आणि तो रक्ताच्या उलट्या करत होता. अशा अवस्थेतला माणूस त्याच रात्री दरीतून उठून अहमदनगर जिल्ह्याच्या माळरानावर दिसेनासा होतो, हे वैद्यकशास्त्रालाही नवे होते. मुंबई उच्च न्यायालयाने चौकशी सीआयडीकडे दिली. सीआयडीच्या मते पलायन आणि अपघात ही दोन्ही रचलेली गोष्ट होती आणि युनूसचा मृत्यू कोठडीतच झाला होता. मृतदेह मात्र मिळाला नाही, तो आजतागायत. घाटकोपरच्या मूळ खटल्यात 2005 साली पोटा न्यायालयाने खटल्याला सामोरे गेलेल्या आरोपींना निर्दोष सोडले; म्हणजे ज्या गुन्ह्याची कबुली हवी होती, तो त्यांच्यावर शाबीतच झाला नाही.

यानंतर कारवाईचा पहिला टप्पा येतो : मंजुरी. लोकसेवकावर त्याच्या कर्तव्याशी निगडित कृत्याबद्दल खटला भरायचा तर सरकारची पूर्वपरवानगी लागते. मूळ कल्पना चांगली आहे. प्रामाणिक अधिकाऱ्याला कोणीही उठून कोर्टात खेचू नये. मारहाण हा कर्तव्याचा भाग असल्याशिवाय तिला हे कलम लागू कसे होते, हा प्रश्न चाणाक्ष विद्यार्थी विचारतात. त्यांना पुढच्या वर्गात ढकलावे. सीआयडीने 14 पोलिसांची नावे दिली. सरकारने वाझे धरून चौघांवरील खटल्याला परवानगी दिली. उरलेल्या दहांचे काय, याचे उत्तर गणितात नसून गृह विभागात असते.

दुसरा टप्पा निलंबन. वाझे यांना 3 मार्च 2004 रोजी अटक झाली. काही दिवसांपूर्वीच ‘अब तक छप्पन’ हा चित्रपट चित्रपटगृहांत लागला होता आणि प्रेक्षक शिट्ट्या मारत होते, ही केवळ योगायोगाची नोंद. निलंबन ही शिक्षा नाही, असे सेवानियम आवर्जून सांगतात, आणि ते खरेच आहे. निलंबित कर्मचाऱ्याला आधी साधारण निम्मा आणि तीन महिन्यांनंतर पाऊण पगारापर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. त्यासाठी आपण दुसरी नोकरी किंवा धंदा करत नाही, असे लिहून द्यावे लागते. वाझे यांनी 2007 मध्ये राजीनामा दिला. सरकारने तो स्वीकारला नाही. त्यामुळे ते एकाच वेळी पोलिसही राहिले आणि नव्हतेही. या अवस्थेत त्यांनी 2008 मध्ये शिवसेनेत प्रवेश केला, 26 नोव्हेंबरच्या मुंबईवरील हल्ल्यावर पुस्तक लिहिले आणि मराठी माणसांसाठी ‘लई भारी’ नावाचे समाजमाध्यमही काढले. निलंबित वाहकाने फार तर चहाची टपरी टाकली असती. आणि तिच्याबद्दलही त्याला पुरवणी चार्जशीट मिळाली असती.

तिसरा टप्पा म्हणजे नुकसानभरपाई. युनूसच्या आईला 20 लाख रुपये देण्याचा आदेश उच्च न्यायालयाने 2012 मध्ये दिला. ही रक्कम सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्याआमच्या करातून जाते. मारहाणीचा आरोप पथकावर आणि बिल करदात्यावर, अशी ही सहकारी व्यवस्था आहे. सोलापूर जिल्ह्यात सहकार रुजलेला असल्याने तिथल्या वाचकांना तिचे फार नवल वाटू नये.

चौथा टप्पा खटला. तो प्रत्यक्ष उभा राहायला बरीच वर्षे गेली. 2018च्या जानेवारीत त्याच डॉक्टरने साक्ष देताना आणखी चार पोलिसांची नावे घेतली. विशेष सरकारी वकील धीरज मिरजकर यांनी त्या चौघांनाही आरोपी करावे, असा अर्ज न्यायालयात दिला. सरकारी वकिलाने सरकारच्या बाजूने इतक्या उत्साहाने काम करणे अपेक्षित नसल्याने एप्रिलमध्ये त्यांची नेमणूक रद्द झाली. घटनेला वीस वर्षे उलटली तरी खटल्याचा निकाल लागलेला नव्हता.

इथे तुलनेसाठी अमेरिकेकडे पाहण्याची प्रथा आहे. 2009च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकी नौदलाच्या ‘सील’ या निवडक पथकाने इराकमध्ये अहमद हाशिम आबेद याला पकडले. 2004 साली फलुजात चार कंत्राटी सुरक्षारक्षकांना मारून त्यांपैकी दोघांची प्रेते पुलावर टांगली गेली. त्यामागे हाच असल्याचा संशय होता. ताब्यात असताना आपल्या पोटात ठोसा मारला, असे आबेद म्हणाला. त्याचा ओठ फुटला होता. तीन सैनिकांवर ठपका आला : एकावर मारल्याचा आणि तिघांवर कैद्याची काळजी न घेतल्याचा वा खोटे बोलल्याचा. कमांडरसमोर किरकोळ शिक्षा घेऊन मोकळे होण्याचा मार्ग त्यांना खुला होता. तो नाकारून त्यांनी स्वतःच कोर्ट मार्शल मागितले आणि 2010च्या एप्रिल-मेमध्ये तिघेही निर्दोष सुटले. तिकडे त्यांच्या बाजूने मोठा गदारोळ झाला, वीरांचा अपमान झाला म्हणून. निकाल बरोबर की चूक, हा वाद वेगळा. फुटलेल्या ओठावरची कारवाई आठ महिन्यांत संपली, आणि तक्रार करायला कैदी शिल्लक होता, एवढे दोन फरक अभ्यासकाने टिपून ठेवावेत. आपल्याकडचे म्हणाल तर अत्याचारविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने 1997 मध्ये सही केली आहे. करार मंजूर करायचे तेवढे राहून गेले.

पाचवा टप्पा पुनःस्थापना. 2020च्या जूनमध्ये, कोरोनामुळे मनुष्यबळ कमी पडते आहे, या कारणासाठी वाझे आणि त्याच खटल्यातील पोलिसांना सेवेत परत घेण्यात आले. त्या वेळी राज्यभर निवृत्त डॉक्टर आणि परिचारिकांनाही बोलावणे गेले होते. एन्काउंटर स्पेशालिस्ट हा साथरोगात नेमका कुठल्या वॉर्डात लागतो, ते आदेशात नव्हते. वाझे गुन्हे शाखेच्या गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख झाले. उच्च न्यायालयाने 2004 मध्येच निलंबनाबाबत आदेश दिला होता, असे सांगत युनूसच्या आईने अवमान याचिका दाखल केली.

आता अपवाद. संविधानाच्या कलम 311 प्रमाणे चौकशी करून, म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय सरकारी नोकराला बडतर्फ करता येत नाही. युनूस नाहीसा झाल्यापासून वाझे सेवेत परतेपर्यंतची सतरा वर्षे या संरक्षणाच्या नावाखाली गेली, असा सर्वसाधारण समज आहे. पण त्याच कलमात 311(2)(ब) हे छोटेसे दार आहे : चौकशी करणे व्यवहार्य नाही, असे कारण लेखी नोंदवले की ती न करताच घरी पाठवता येते. 25 फेब्रुवारी 2021 रोजी मुंबईत उद्योगपती मुकेश अंबानी यांच्या ‘अँटिलिया’ या घराजवळ जिलेटिनच्या कांड्या असलेली गाडी उभी आढळली. 13 मार्चला राष्ट्रीय तपास यंत्रणेने वाझे यांना अटक केली. 15 मार्चला ते निलंबित झाले. 11 मे रोजी, याच उपकलमाखाली, कोणत्याही विभागीय चौकशीविना, बडतर्फ.

म्हणजे दार 2003 मध्येही होते, किल्लीही गृह विभागाच्याच खुंटीला होती. गाडी कुणाच्या घराजवळ उभी होती आणि जीप कुणाला घेऊन निघाली होती, यावर किल्ली फिरण्याचा कालावधी ठरतो : पहिल्या बाबतीत पंचाहत्तर दिवस. दुसऱ्या बाबतीत तो मोजता येत नाही, कारण बडतर्फीच्या आदेशाचा पारनेरच्या दरीशी काहीही संबंध नाही.