पेढीवरचा मानमरातब

एडिसन, न्यू जर्सी
माघ शुद्ध पंचमी

तीर्थस्वरूप बाबांचे सेवेशी, बालकाचा शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपले पत्र पावले. आईच्या गुडघ्याचे वृत्त आणि कृष्णाबाईच्या उत्सवाच्या वर्गणीवरून आळीत माजलेली धुसफूस वाचून झाल्यावर मी अखेरच्या परिच्छेदाशी थबकलो. ज्या दलाली पेढीकडे तुझी शिल्लक आहे तेथे तिचा ताबा कोणाचा, तीत हात घालण्याचा मार्ग कोणता, आणि एवढी रक्कम विश्वासाने ठेवल्याबद्दल ते तुला देतात तरी काय, असे तीन प्रश्न आपण केले आहेत. सारी हयात उपकोषागारात काढलेल्या माणसाने असे विचारावे हे योग्यच; पण उत्तरे पोस्टकार्डात मावणारी नव्हेत, म्हणून हा पत्रप्रपंच.

तिसऱ्या प्रश्नापासून आरंभ करतो, कारण पेढीलाही त्याच विषयाची अधिक हौस असते. येथील पेढ्या गिऱ्हाइकाच्या शिलकीचा अदमास घेऊन त्याला हुद्दा बहाल करतात. व्हॅनगार्ड या जगद्विख्यात पेढीचे नाव तिचे संस्थापक जॉन बोगल यांनी नेल्सनच्या युद्धनौकेवरून ठेविले, तेव्हा तिच्या गिऱ्हाइकांचे हुद्देही ओघानेच दर्यावर्दी झाले: 50,000 डॉलर ठेवणारा 'व्हॉयेजर', 5 लाखवाला 'व्हॉयेजर सिलेक्ट', 10 लाखवाला 'फ्लॅगशिप' आणि 50 लाखवाला 'फ्लॅगशिप सिलेक्ट'. मोगलाईतील पंचहजारी मनसबदारांचीच ही आवृत्ती म्हणावयाची. अंतर इतकेच की, त्या मनसबदाराला घोडे बाळगण्याबद्दल जहागीर तरी मिळे, आणि येथे आपले घोडे आपणच बादशहाच्या पागेत नेऊन बांधायचे, त्याने त्यांवर मनसोक्त रपेट करायची, आणि वर्षाकाठी आपणांस एक लगाम नजर करायचा.

आमची पेढी ही नव्हे. पण मनसबीची चाल तिच्यातही आहे, आणि गतवर्षी बाजार वर गेल्यामुळे, म्हणजे आमच्या कर्तबगारीचा लेशही नसताना, आम्ही खालच्या पायरीवरून तिच्या वरच्या पायरीवर चढलो. त्या प्रसंगी एक जाडजूड खोके घरी आले. आत उठावाच्या अक्षरांत छापलेले अभिनंदनपर पत्र होते, आणि मखमलीसारख्या कागदात, एखाद्या देवाच्या टाकासारखी निजविलेली, पाणी प्यावयाची पोलादी बाटली होती. तिच्यावर पेढीचे चिन्ह कोरलेले आहे आणि तिचे झाकण गळते. चिरंजीव ती शाळेत नेतात व ओल्या वह्या घेऊन परत येतात.

याखेरीज आमच्या दिमतीस एक खास सल्लागार नेमण्यात आला आहे. तो ऋतुमानाप्रमाणे बदलतो, आणि प्रत्येक नवा गृहस्थ पहिल्याच भेटीत आमचे कुलवृत्त, उद्दिष्टे आणि रात्रीची झोप यांविषयी अत्यंत जिव्हाळ्याने चौकशी करून अंतर्धान पावतो. मध्यंतरी निवृत्तीनंतरच्या आयुष्याविषयी भोजनासह व्याख्यानाचे आमंत्रण आले. व्याख्यान संपूर्णतः शाकाहारी होते. भोजन तसे नव्हते. सूनबाईंनी पावाच्या दोन चकत्यांवर रात्र काढली आणि परतताना गाडीत अवाक्षर काढले नाही, त्यावरून या मनसबीविषयीचे त्यांचे मत आपण ताडू शकाल.

एक सवलत मात्र खरी. परमुलखातील यंत्रातून रोकड काढल्यास तेथील बँक जे शुल्क कापून घेते, ते ही पेढी महिनाअखेरीस निमूटपणे खात्यात जमा करते. वाईच्या बाजारातल्या एटीएमने कापलेले शुल्क अशा रीतीने न्यू जर्सीत परत मिळाले, तेव्हा सर्वांत जास्त आनंद आईला झाला होता, हे आपणांस स्मरत असेल. चार दिवस ती शेजारणींना हीच हकीकत सांगत होती; मुलाला पगार किती मिळतो हे कोणाला सांगण्याची गरजच उरली नाही.

याच्या पुढची मजल म्हणजे रोख इनाम. दुसऱ्या पेढीतले खाते उचलून आमच्याकडे आणा आणि रकमेच्या मानाने बक्षीस घ्या, असे पेढ्या राजरोस जाहीर करतात. आमच्या शेजारचे एक गुजराती गृहस्थ या विद्येत पारंगत असून, मुदत भरली की बिऱ्हाड हलवितात; त्यांच्या शिलकीचा मुक्काम सध्या कोठे आहे हे त्यांच्या पत्नीला विचारावे, तर ती त्यांनाच विचारा म्हणते. तथापि इनामाची रक्कम घेतल्यावर ठेव अमुक काळ हलवायची नाही असे बारीक अक्षरांत कबूल करून द्यावे लागते, आणि इनामावर आयकर लागतो तो वेगळाच.

हे सारे औदार्य कोणत्या खाती खर्ची पडते, असे आपण विचाराल. 1792 साली न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर बटनवुडच्या झाडाखाली 24 दलालांनी जो करार केला, त्यात दलालीचा किमान दर बांधून घेतलेला होता. मुंबईचे शेअरदलालही प्रथम वडाखालीच जमत व त्यांची संस्था 1875 साली स्थापन झाली, तेव्हा सावलीत बसून लक्ष्मीचा हिशेब करण्याची चाल उभयपक्षी सारखीच. अमेरिकेतील बांधील दलाली 1 मे 1975 रोजी नियमाने उठली; चार्ल्स श्वाब यांच्यासारख्यांनी स्वस्त दलालीवर धंदा वाढविला; आणि ऑक्टोबर 2019 मध्ये श्वाबच्या पेढीने शेअरांच्या ऑनलाइन खरेदीविक्रीवरील दलाली थेट शून्यावर आणली, तेव्हा इतर मोठ्या पेढ्यांनाही तिच्या पाठोपाठ जावे लागले. आता शून्य दलालीवर काचेच्या इमारती उभ्या राहत नाहीत. गुंतवणुकीवाचून खात्यात पडून राहिलेली आमची रोकड कित्येक पेढ्या आपल्याच बँकेकडे वळवितात, आम्हांस त्यावर अक्षता टाकल्यासारखे व्याज देतात, आणि तीच रक्कम बाजारभावाने राबवून मधला फरक पदरात पाडून घेतात. शिवाय आमची खरेदीविक्रीची मागणी ज्या घाऊक व्यापाऱ्याकडे धाडली जाते, तो पुष्कळदा त्याबद्दल पेढीला मोबदला देतो. तात्पर्य, गळकी बाटली आमच्याच पैशाची आहे, आणि ती जरा महागच पडली.

आता दुसरा प्रश्न: शिलकीत हात घालण्याचा मार्ग. येथे मात्र सारी मनसब उंबरठ्यावर गळून पडते. परवलीचा शब्द दिला की पेढी दूरध्वनीवर सहा आकडे पाठविते, आणि ते अल्प मुदतीत भरावे लागतात. अमेरिकेत हे सुरळीत चालते. गणपतीत आम्ही वाईस आलो असता मी हे खाते उघडू गेलो, तो पेढीला धडकी भरली. आपल्या खात्यात परदेशातून कोणी शिरू पाहत आहे, तो इसम आपणच असल्यास अमेरिकन क्रमांकावर पाठविलेले आकडे कळवावेत, असा हुकूम सुटला. तो क्रमांक ज्या सिमकार्डावर, ते कार्ड सूनबाईंनी हरवू नये म्हणून कुंकवाच्या डबीत ठेविले होते. ते पुसून, फुंकून, दूरध्वनीत घालून मी गच्चीवर पाण्याच्या टाकीशी उभा राहिलो. आकडे आले ते मध्यरात्र उलटल्यावर, आणि तोवर त्यांची मुदत संपली होती. त्या वेळी आपण जिन्यातून जे बोललात ते मी विसरलेलो नाही: आमच्या तिजोरीलाही दोन कुलपे होती, एक किल्ली माझ्याजवळ आणि दुसरी खजिनदाराजवळ, पण दोन्ही किल्ल्या लावल्यावर ती उघडत असे.

निरुपाय होऊन पेढीस दूरध्वनी केला, तो पलीकडच्या बाईंनी ओळख पटविण्यासाठी पूर्वी नोंदविलेले गुप्त प्रश्न काढले. बालपणी आपण ज्या रस्त्यावर राहत होता त्याचे नाव काय? बाबा, मधल्या आळीला रस्ता म्हणावे की नाही यावर आपल्याच घरात एकमत नाही, आणि पत्ता म्हणून आपण आजन्म 'मारुतीसमोर' एवढेच लिहीत आलो. पहिल्या पाळीव प्राण्याचे नाव काय, हा दुसरा प्रश्न. माझे उत्तर 'मनी' असे नोंदलेले आहे. महाराष्ट्रातील यच्चयावत मांजरांचे नाव मनी असते, हे त्या अमेरिकन यंत्रास ठाऊक नाही, म्हणून ते या गुपितावर निःशंक विसंबून आहे. एखादा मराठी चोर असता तर त्याने पहिल्याच खेपेस दार उघडले असते. काही पेढ्यांनी तर आवाजावरून माणूस ओळखण्याची सोय केली आहे. परंतु जानेवारीत येथे सर्वांनाच पडसे येते, आणि नाक चोंदलेल्या खातेदाराला यंत्र परका ठरविते.

राहिला पहिला प्रश्न, ताब्याचा. पेढी बुडाली तर काय, ही आपली शंका रास्त आहे. त्यासाठी 1970 च्या कायद्याने स्थापन झालेले सिपिक नावाचे मंडळ प्रत्येक गिऱ्हाइकाला 5 लाख डॉलरपर्यंत, व त्यांपैकी रोकडीला अडीच लाखांपर्यंत, संरक्षण देते. शेअरांचा भाव कोसळला तर त्याचे सोयरसुतक मंडळास नाही. तेवढ्यापुरते आपण निश्चिंत असावे.

खरी कसोटी नाव बदलण्याची. सूनबाईंच्या माहेरच्या नावावर काही जुने शेअर एका कंपनीच्या निबंधकाकडे पडून होते. ते सासरच्या नावावर व या खात्यात आणू म्हटले, तो विवाहाचा दाखला, पारपत्र आणि नोटरीचा शिक्का हे सारे अपुरे ठरून 'मेडॅलियन' नामक शिक्क्याची मागणी झाली. नोटरी एवढेच सांगतो की सही करणारा माणूस हाच; मेडॅलियन देणारी बँक मात्र सही खोटी निघाल्यास नुकसान भरून देण्याची हमी घेते, म्हणून कोणतीही बँक तो अनोळख्याला देत नाही. आमच्या बँकेच्या जवळच्या शाखेत शिक्का नव्हता. शेजारच्या गावच्या शाखेत होता, पण तो मारणारा अधिकारी रजेवर होता. अखेर तो रुजू झाला. त्याने कुलपाचा खण उघडला, शिक्का काढला, एका रद्दी कागदावर उठवून पाहिला, आणि मग श्वास रोखून आमच्या अर्जावर हिरव्या शाईत दाबला. त्या मुद्रेवरील पहिले अक्षर हमीची मर्यादा सांगते. 'झेड' म्हणजे 1 कोटी डॉलर. आमच्या कागदावर 'डी' उमटला, म्हणजे अडीच लाख. शेअरांची किंमत त्याच्या पासंगालाही पुरत नव्हती, पण शिवशाहीतील एखाद्या सनदेवर मोर्तब व्हावे तशा मुद्रेने सूनबाई तो कागद दोन्ही हातांत धरून बाहेर आल्या.

खात्याकडे नुसते दुर्लक्ष करूनही भागत नाही. खातेदाराचा बराच काळ, पुष्कळ राज्यांत तीन ते पाच वर्षे, मागमूस लागला नाही, तर खाते बेवारस समजून सरकारजमा होते; मागाहून हक्क शाबीत केल्यास परत मिळते. म्हणजे आपण दर नोव्हेंबरात निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला देता, तसा आम्हांलाही अधूनमधून आत डोकावून जिवंतपणा सिद्ध करावा लागतो. जाता जाता हेही सांगतो की, वाईच्या बँकेतील आपले व माझे संयुक्त खाते मला दरसाल अमेरिकेच्या खजिन्यास कळवावे लागते, कारण परदेशातील साऱ्या खात्यांची बेरीज 10,000 डॉलरच्या वर गेली की तसा नियम आहे. त्या तक्त्यात सहखातेदार म्हणून आपले नाव लिहावे लागते. निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी आपण पुन्हा एका ट्रेझरीच्या दप्तरात दाखल झाला आहात, आणि तीही वॉशिंग्टनची.

आता कामाचे. मला काही बरेवाईट झाल्यास शिल्लक कोणाकडे जावी, याचा अर्ज मी भरला असून तेथे प्रथम सूनबाईंचे व त्यांच्यानंतर चिरंजीवांचे नाव घातले आहे. पण 2018 पासून येथील दलालांना आणखी एका इसमाचे नाव खातेदाराकडे मागावे लागते. त्याला 'विश्वासू संपर्क' म्हणतात. खातेदार सापडेनासा झाला, किंवा त्याला कोणी लुबाडीत आहे असा संशय आला, तर पेढी या इसमास विचारू शकते. त्याला एक पै काढता येत नाही, एक शेअर विकता येत नाही. म्हणजे जबाबदारी पुरी आणि अधिकार शून्य. सरकारी नोकरीचा एवढा दीर्घ अनुभव पाठीशी असल्याने या पदावर आपलीच नेमणूक करावी, असे आम्ही उभयतांनी ठरविले आहे. आपले नाव पारपत्रावर एक, आधारकार्डावर दुसरे आणि पासबुकावर तिसरे आहे. त्यांपैकी कोणते कायम समजावे ते उलटटपाली कळवावे.

एक विनंती मात्र आवर्जून करतो. हल्ली तोतया पोलीस आणि बनावट बँकवाले दूरध्वनीवरून म्हाताऱ्यांना नागवितात, म्हणून आपण अनोळखी आवाज ऐकताच त्याची सात पिढ्यांपर्यंत खबर घेता, हे मला ठाऊक आहे. तथापि आपले नाव नोंदल्यावर एखाद्या अपरात्री कोणी अमेरिकन उच्चारांत माझ्या नावाची मोडतोड करीत, आपला मुलगा ठगांच्या हाती सापडला आहे काय, असे विचारू लागला, तर त्यालाच ठग समजू नये. त्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घ्यावे, त्याचे नाव टिपून घ्यावे, आणि मला कळवावे. त्याने सहा आकडे मागितले, तर मात्र सात पिढ्यांचे ते सारे खुशाल ऐकवावे.

आईस साष्टांग नमस्कार. काकूंस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. लोभ असावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
चिरंजीव