गिरणगावातील अपूर्ण मनोऱ्यास अनावृत पत्र

श्रीयुत आलिशान मनोरे (बांधकाम अपूर्ण), मुक्काम गिरणगाव, मुंबई, यांच्या सेवेशी शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

मनोरेसाहेबांवर ओढवलेल्या हालअपेष्टांची वार्ता शहरभर पसरली असून, विमानतळवाल्यांनी उंची छाटली, पालिकेने काम रोखले, सावकारांनी तगादा लावला आणि पैसे भरलेल्या ग्राहकांनी तर कहर करून चक्क घराचीच मागणी केली, हे ऐकून कोणाही सहृदय नागरिकास गलबलून यावे. तथापि सहानुभूतीचा ठराव संमत करण्यापूर्वी एवढे नोंदविणे प्राप्त आहे की, साहेबांनी आजवर जे जे विकले, त्यातील बरेचसे विक्रीच्या दिवशी त्यांच्यापाशी नव्हतेच.

जमिनीपुरते बोलायचे तर साहेबांचे नशीब थोर. १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर कापड गिरण्या एकामागून एक थंडावल्या, आणि १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे ठरवले : एक शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडा या गृहनिर्माण प्राधिकरणामार्फत परवडणाऱ्या घरांसाठी आणि एक मालकासाठी. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी गिरणीच्या आवारात आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरतीच उरली, म्हणजे जेथे शेड उभ्या होत्या ती जमीन, शेड पाडल्यावरही, वाटणीबाहेर राहिली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती ग्राह्य धरल्यामुळे, शहराच्या पानात पडायचे ते बहुतांशी साहेबांच्या पानात पडले. त्यानंतरही जागेची टंचाई भासावी, ही भूक कौतुकास्पदच म्हणावी लागेल.

जमिनीनंतर आकाश. श्रीनिवास मिलच्या जागेवरील वर्ल्ड वन हा मनोरा २०१० मध्ये ११७ मजले आणि ४४२ मीटर उंचीचा म्हणून जाहीर झाला, परंतु विमानतळाच्या परिसरात इमारत किती उंच असावी याची मर्यादा विमानांच्या सुरक्षिततेसाठी ठरलेली असते आणि त्यासाठी भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. ते त्या उंचीला न मिळाल्यामुळे मनोऱ्यास सुमारे २८० मीटरवर समाधान मानावे लागले. तरी तो निदान पूर्ण झाला, हे साहेबांच्या आप्तांमध्ये अपवादानेच घडते.

याहून सूक्ष्म विद्या चटई क्षेत्राची. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल हे ठरविणारा आकडा म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक. सामान्य माणसाला तो मर्यादा वाटतो, तर साहेबांच्या सल्लागारांना वाटाघाटीची सुरुवात. सार्वजनिक वाहनतळ बांधून पालिकेस दिल्यास वाढीव चटई क्षेत्र मिळते. आगीच्या वेळी रहिवाशांनी आसरा घ्यावा म्हणून मोकळा ठेवलेला आश्रयमजला, अर्थात रेफ्यूज, या मोजणीतून वगळला जातो. वरळीच्या श्रीराम मिलच्या जागेवरील पॅलेस रॉयाल या मनोऱ्याच्या बाबतीत नेमक्या याच दोन सवलतींवरून वाद होऊन काम वर्षानुवर्षे रखडले आणि २०१९ मध्ये कर्जवसुलीसाठी प्रकल्पाचा लिलाव करावा लागला. आगीत सापडलेल्या माणसाच्या आसऱ्याचा एवढा हिशेब व्हावा, ही नगररचनेच्या इतिहासातील दुर्मीळ आस्था होय.

आता ग्राहक. साहेबांच्या पायथ्याशी असलेल्या नमुना सदनिकेत, म्हणजे सॅम्पल फ्लॅटमध्ये, वातानुकूलन चालू असते, इटालियन संगमरवर चकाकत असतो, आणि पलंग नेहमीपेक्षा आखूड असल्यामुळे खोली ऐसपैस दिसते. तेथून मान वर केली की उघड्या स्लॅबमधून बाहेर आलेल्या गंजक्या सळ्या दिसतात. इसार दिलेला ग्राहक दरमहा राहत्या जागेचे भाडेही भरतो आणि न बांधलेल्या मजल्याचा हप्ताही. क्वचित ताबा मिळालाच, तरी भोगवटा प्रमाणपत्राविना, म्हणजे इमारत राहण्यास योग्य असल्याच्या पालिकेच्या दाखल्याविना. मग सागरदर्शनाच्या घरात पाणी मात्र टँकरचे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने ग्राहकांच्या पैशातील ७० टक्के रक्कम त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवणे बंधनकारक केले, यावरून त्यापूर्वी ती कोठकोठे हिंडून येत असे याची कल्पना यावी.

याच कायद्यान्वये ताबा वेळेवर न मिळाल्यास ग्राहकास व्याजासह परतावा मागता येतो, आणि महारेराने, म्हणजे या कायद्याखालील राज्याच्या प्राधिकरणाने, दिलेला आदेश पाळला न गेल्यास ती रक्कम जमीन महसुलाची थकबाकी म्हणून जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसूल होते. म्हणजे खासगी तरणतलाव आणि हेलिपॅडची स्वप्ने पाहणाऱ्या साहेबांची गणना अखेर सारा थकविलेल्या खातेदारांत होते. तेव्हा जप्तीच्या पंचनाम्यासाठी महसूल खात्याचा कर्मचारी आल्यास, मुख्य लिफ्ट अद्याप बसलेल्या नसल्याने, निदान मजुरांची बाहेरची लिफ्ट चालू ठेवण्याची तजवीज व्हावी.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

साहेबांच्या सावलीत कपडे वाळत घालणारी
समस्त चाळकरी मंडळी