ॲव्हरेज किती देते?

सोसायटीत नवी गाडी आली की पेढा हातात पडायच्या आत प्रश्न येतो, "ॲव्हरेज किती देते?" मालक खऱ्यात दोन मिळवून सांगतो, ऐकणारा मनातल्या मनात तीन वजा करतो. आता सरकारही हेच विचारतं, पण मालकाला नाही, कंपनीला. आणि सरकारी ॲव्हरेज म्हणजे शब्दशः सरासरी.

या नियमाला कॅफे म्हणतात. (बन-मस्क्याची आशा ठेवू नये.) कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या नव्या मोटारींचा मिळून किलोमीटरमागचा कार्बन डायऑक्साइड 2017-18 पासून साधारण 130 ग्रॅमच्या आत हवा होता, 2022-23 पासून 113 च्या. पेट्रोल पंपाशेजारच्या टपरीत नळी खुपसून मिळते ती पीयूसी वेगळी. तिथे कार्बन मोनॉक्साइड आणि धूर बघतात. पृथ्वी तापवणाऱ्या वायूला तिथे मोकळं रान.

थोडक्यात, तुमच्या दारातल्या गाडीला मर्यादा नाहीच. वर्गाची सरासरी राखा, मागच्या बाकावरच्याला किती पडले ते कोणी विचारणार नाही. शिवाय वर्गातला हुशार मुलगा तीनदा मोजायची मुभा आहे! विजेवरची एक गाडी विकली की हिशेबात तीन धरतात. स्ट्राँग हायब्रिड असेल तर दोन. अशी बेरीज आम्ही शाळेत केली तेव्हा छडी मिळाली होती.

त्यात वजनाची गंमत. कंपनीच्या गाड्या सरासरीने जितक्या जड, तितकी तिची मर्यादा सैल. वजनदारांना नियमात सूट, ही रीत निदान मोटारींनी तरी नव्याने आणलेली नाही. देशात विकल्या जाणाऱ्या निम्म्याहून जास्त मोटारी आता एसयूव्हीच्या गोत्रातल्या असतात, त्या उगाच नव्हे.

आणि हे ग्रॅम मोजतात कुठे? पुण्यात वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या प्रयोगशाळांत. गाडी रोलरवर जागच्या जागी पळते, एसी बंद, वेग ताशी 90 च्या वर नाही, पुढे रिक्षा नाही, खड्डा नाही. तीच गाडी टेकडी उतरून संध्याकाळी सातला नळस्टॉपच्या सिग्नलला आणा, मग बोलू.

एप्रिल 2027 पासून पुढचा टप्पा यायचा आहे. 2025 च्या मसुद्यात 909 किलोपर्यंतच्या छोट्या गाड्यांना किलोमीटरमागे तीन ग्रॅमची सवलत सुचवली, तर मोठ्या गाड्यावाल्यांना समतेचा उमाळा आला. हलक्यांना का म्हणून सूट?

शेजारच्या काकांनी परवा दोन टनांचं धूड आणलं. मंडईत कोथिंबीर आणायला जातात त्यातून. मी पेढा तोंडात टाकून नेहमीचा प्रश्न विचारला. काका म्हणाले, "आमची राहू दे रे, कंपनीची ॲव्हरेज चांगली आहे."