मेले ते मोजले, मोडले ते?

वर्धा जिल्ह्यात रस्त्यावर मरायचं तर एकट्यानं मरू नये. एकटा मेलेला माणूस आतल्या पानावर चार ओळींत आटोपतो, आणि त्यातल्या दोन ओळी गाडीच्या क्रमांकाला जातात.

२४ जानेवारी २०२२ च्या रात्री देवळीच्या रस्त्यावर, सेलसुऱ्याजवळ, एक गाडी पुलावरून खाली कोसळली. सावंगीच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे सात विद्यार्थी गेले. त्यात एक आमदारपुत्र. दुसऱ्या दिवशी पंतप्रधानांचा शोकसंदेश आला, दोन-दोन लाखांची मदत जाहीर झाली, वाहिन्यांच्या गाड्या वर्ध्याकडे सुटल्या. शोक खराच होता. सात घरं उद्ध्वस्त झाली होती, त्यात शंका कसली?

शंका आठव्याबद्दल आहे. पुढच्या आठवड्यात कुठल्या तरी फाट्यावर जो एकटाच गेला, त्याच्याबद्दल.

मग आला १ जुलै २०२३. नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटली, पेटली. २५ जण आतच जळाले. त्यात आपल्या वर्ध्याचेही अनेक. पुन्हा मदत, पुन्हा चौकशी, पुन्हा तज्ज्ञ. सरळ रस्त्यावर चालकाला संमोहन होतं, असं कोणी म्हणालं. रस्त्याच्या रचनेवर कोणी बोट ठेवलं.

काही भाविकांचं निदान मात्र पक्कं होतं. त्यांनी अपघातस्थळी महामृत्युंजय यंत्र बसवलं आणि जप केला. आता इथं अपघात होणार नाहीत म्हणे. जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला.

एक बरं झालं. रस्ता सुरक्षेच्या कामात एवढ्या झटपट गुन्हा दाखल झाल्याचं दुसरं उदाहरण सापडणं कठीण.

आपल्याकडे अपघाताला नाव लागतं. २०१४ च्या जूनमध्ये दिल्लीत गोपीनाथ मुंडे गेले, तेव्हा मोटार वाहन कायदा बदलायचं ठरलं. बदलला २०१९ मध्ये. सायरस मिस्त्री २०२२ च्या सप्टेंबरमध्ये पालघरजवळ गेले, तेव्हा मागच्या सीटलाही पट्टा असतो हा शोध देशाला लागला. शोध महिनाभर टिकला. पट्टा पुन्हा सीटच्या फटीत गेला.

आणि २०१९ च्या कायद्यातला वाढीव दंड? महाराष्ट्रानं तो लगेच लावलाच नाही. निवडणूक तोंडावर होती. दंड लागू व्हायला २०२१ चा डिसेंबर उजाडला. मतदाराचं डोकं फुटलं तर चालेल, भडकायला नको.

आता थोडे आकडे. घाबरू नका, शेवटी त्यांच्यावर विश्वास ठेवायचा नाहीच.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, जगात वर्षाला सुमारे ११ लाख ९० हजार माणसं रस्त्यावर मरतात. त्यातली ९२ टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत. जगातल्या एकूण गाड्यांपैकी साधारण ६० टक्के याच देशांत आहेत. म्हणजे गाड्या निम्म्याहून थोड्या जास्त, मरण जवळजवळ सगळं.

भारतात २०२२ साली सरकारी हिशेबानं १,६८,४९१ मेले. दिवसाला सुमारे ४६२. महाराष्ट्राचा वाटा १५,२२४.

हे झाले मेलेले. जखमी किती? सरकार म्हणतं, ४,४३,३६६. भागाकार करून बघा. एका मृत्यूमागे तीनसुद्धा जखमी नाहीत.

जगाचा हिशेब वेगळा आहे. वर्षाला दोन ते पाच कोटी जखमी, म्हणजे एका मृत्यूमागे किमान सुमारे सतरा. भारतीय माणूस एवढा टणक कधीपासून झाला? की आपण एक तर मरतो, नाही तर कपडे झटकून घरी जातो?

सतराचा हिशेब लावला तर देशात एका वर्षात २४ लाखांहून जास्त जखमी गहाळ आहेत.

कुठं गेले? फार लांब जायला नको. कुठल्याही फाट्यावर उभं राहा. फटफटीला फटफटी धडकते, दोघंही पडतात, गर्दी जमते, आणि गर्दीतला एक जाणता पुढं होतो. ‘जाऊ द्या ना भाऊ, कायले पोलीस नि कायले कचेरी? आपसात मिटवून घ्या.’ दोन-चार हजार हातावर टेकवले जातात. पाय मोडलेला माणूस मान डोलावतो, कारण त्याच्याकडे लायसन नसतं. समोरचा पैसे देतो, कारण त्याच्याकडे विमा नसतो. दोघांचंही भलं होतं. हाडाचं काय होतं ते पुढं कळतं.

दवाखान्यात गेल्यावर गोष्ट आणखी सुधारते. अपघात सांगितला तर पोलिसांचा कागद होतो. म्हणून मग माणूस घरीच घसरलेला असतो, नाही तर बैलगाडीतून पडलेला. मांडीचं हाड दोन ठिकाणी तुटलंय, हँडल छातीवर उमटलंय, पण घसरला न्हाणीघरात!

डॉक्टरला कळतं. डॉक्टर लिहून घेतो.

काही तर दवाखान्यापर्यंतही जात नाहीत. हाड बसवून देणारा पुढच्या गावात असतो. तो पट्टी बांधतो, लेप लावतो, हळदीचं दूध सांगतो. हाड जुळतं खरं, पण आपल्या मर्जीनं. मग माणूस जन्मभर एका कुशीवर झुकून चालतो आणि गाव त्याला नवं नाव देतं. सरकारी तक्त्यात तो कधी नव्हताच.

नोंदीचा दुसराही एक गमतीचा नियम आहे. अपघातानंतर तीस दिवसांत गेला तर अपघाती मृत्यू. एकतिसाव्या दिवशी गेला तर आकडेवारीच्या दृष्टीनं तो वाचलेला असतो.

बरं, मरतं आणि मोडतं कोण? समृद्धीवर १२० च्या वेगानं जाणाऱ्यांचीच चर्चा होते. तिथं दुचाकीला बंदी आहे. आणि देशात २०२२ साली रस्त्यावर मेलेल्यांत ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरचे होते, सुमारे १९ टक्के पायी चालणारे. तीनातले जवळजवळ दोन जण असे, ज्यांच्या डोक्यावर टपच नव्हता.

त्यांची समृद्धी वेगळी. हिंगणघाट, समुद्रपूर, आर्वी, सेलू, सगळीकडे सारखी. चण्याला पाणी द्यायचंय आणि थ्री-फेज लाईन येते रात्री. कास्तकार ओलितासाठी मध्यरात्री वावराकडे निघतो. गाडीचा दिवा काजव्याएवढा. समोरून रोही आडवा येतो, नाही तर रानडुक्कर. तो चुकलाच तर पुढं ट्रॅक्टरची ट्रॉली उभी. मागं लाल दिवा नाही, चमकती पट्टी नाही, आत कापूस ठासून भरलेला, दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला.

पोलिसांच्या कागदावर कारण काय? भरधाव आणि निष्काळजीपणे वाहन चालवणे. देशभराच्या अहवालातही सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यूंचं कारण अतिवेगच. कापसाची ट्रॉली कारणांत बसत नाही. रात्रीची लाईन तर नाहीच नाही. रोह्यावर गुन्हा दाखल करता येत नाही, एवढीच कायद्याची अडचण.

हेल्मेटचं विचारू नका. २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार मेले. आपल्याकडे हेल्मेट असतं, पण हँडलला लटकवलेलं. पोलीस दिसला की डोक्यावर, पोलीस गेला की पुन्हा हँडलवर. अपघातात हँडल सुरक्षित राहतं.

वर उन्हाचं कारण तयार. वर्ध्याचं ऊन कडक, मान्य. एवढ्या उन्हात डोकं तापतं म्हणून हेल्मेट नको. थंडीत?

थंडीत कानटोपी असते.

आणखी एक खास वर्ध्याची गोष्ट. गांधी-विनोबांचा जिल्हा म्हणून इथं पन्नास वर्षांपासून दारूबंदी आहे. बंदी असल्यामुळे ज्याला प्यायचीच आहे तो जिल्ह्याची हद्द ओलांडतो. कोणी बुटीबोरीकडे, कोणी यवतमाळकडे. ओलांडताना शुद्धीत असतो. परत येतो तो स्वतः गाडी चालवत. ज्या जिल्ह्यात दारू मिळते तिथला पिणारा निदान पायी घरी जाऊ शकतो.

आणि ज्याला एवढं लांब जायचं नाही, त्याला इथंच मिळते. ते सगळ्यांना माहीत आहे. बंदी कुठं अडते?

रस्ते मात्र रुंद होत चाललेत. १९३६ साली गांधीजी वर्ध्याहून शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला गेले तेव्हा चालत जाण्याजोगी वाट होती. २०२० मध्ये त्याच वर्धा-सेवाग्राम रस्त्याच्या रुंदीकरणासाठी झाडांवर कुऱ्हाड पडली, तेव्हा लोक आडवे आले. झाडांच्या बाजूनं बोलणारे पुष्कळ निघाले, चांगलंच झालं. रुंद झालेला रस्ता म्हातारीनं पायी ओलांडायचा कसा, हे विचारणारा शोधावा लागला असता.

रुंदीकरण म्हणजे विकास. फूटपाथ म्हणजे दुकानाचा ओटा.

उद्दिष्टांच्या बाबतीत आपण कमी नाही. २०१५ मध्ये ब्राझीलच्या राजधानीत भारतानं सही केली: २०२० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणू. तेव्हा वर्षाला १,४६,१३३ मरत होते. २०१९ मध्ये दीड लाख ओलांडले. २०२० मध्ये आकडा खरंच उतरला, १,३१,७१४ झाला. कारण काय? देशाला घरात कोंडलं होतं. सगळे घरी बसले तरी निम्म्यावर नाही म्हणजे नाहीच आलं.

मग जगानं मुदत वाढवून २०३० केली. आपणही केली. मुदतवाढ देण्यात आपल्या सार्वजनिक बांधकामाचा हात कोण धरणार?

शेजारच्या नागपूरचे नितीन गडकरी २०१४ पासून केंद्रात रस्त्यांचं खातं सांभाळतात. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी लोकसभेत कबूल केलं की आंतरराष्ट्रीय परिषदांत अपघातांचा विषय निघाला की आपण तोंड लपवायचा प्रयत्न करतो. प्रामाणिकपणाला शंभर गुण. पण तोंड लपवायला परदेशी कशाला? नागपूरहून वर्धा तास-दीड तासावर आहे.

धडक देऊन पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा, असं कलम नव्या न्याय संहितेत आलं. २०२४ च्या पहिल्याच आठवड्यात ट्रकवाले संपावर गेले. पेट्रोल संपणार म्हणून अख्खा महाराष्ट्र पंपावर रांगेत उभा राहिला. जुलैत संहिता लागू झाली, ते कलम तेवढं बाजूला ठेवून. पळणाऱ्याच्या मागे सरकार धावलं होतं, एवढं मात्र इतिहासात राहील.

योजना आहेत, नाही कशा? जखमीला वेळेत दवाखान्यात नेणाऱ्याला आधी पाच हजार मिळायचे, २०२५ पासून पंचवीस हजार. शिवाय २०२५ च्या मे महिन्यापासून जखमीला दीड लाखापर्यंत उपचार फुकट, सात दिवस. चांगली योजना आहे, चेष्टा करत नाही. फक्त मांडीचं हाड सात दिवसांत जुळत नाही. पुढचे चार-सहा महिने तो खाटेवर असतो, त्याची मजुरी बुडते, त्याला उठवा-बसवायला बायको घरी राहते म्हणून तिची बुडते, आणि निंदणाच्या दिवसात शाळेतली पोरगी वावरात जाते.

त्यासाठी योजना नाही. ते उपचारात येत नाही.

शिवाय फुकट उपचाराला अपघाताची नोंद पोलिसांकडे लागते. अनोळखी गाडीनं उडवलं तर गंभीर जखमीला ५० हजार, मृत्यूला दोन लाख, तेही १ एप्रिल २०२२ पासून. त्यालाही नोंद लागते. आयआयटी मद्रासनं त्यासाठी ॲपसुद्धा बनवलंय. पोलीस जागेवरून अपघाताची माहिती भरतात.

पोलीस जागेवर गेले तर. आपण तर फाट्यावरच मिटवलं होतं.

म्हणून सरकारला एक फुकटची सूचना. जखमींचा खरा आकडा हवा असेल तर ठाण्यात जाऊ नका, ॲप उघडू नका. तालुक्याच्या गावात सावकाराची गादी असते, तिथली वही मागा. कोणाचं मंगळसूत्र कधी आलं, कोणाची बैलजोडी कधी गेली, कोणाच्या पायात सळई टाकायची होती, सगळं तारखेनिशी असतं. खाडाखोड नाही, तीस दिवसांची अट नाही, आणि मुदतवाढ तर मुळीच नाही.