रेनकोट-कालनिर्णय

गाडीवरून जाताना पाऊस आला तर रेनकोट नेमका कधी घालावा? जावळाला मुहूर्त आहे, विहिरीच्या पहिल्या कुदळीला मुहूर्त आहे, रेनकोटाला मात्र ‘बघू पुढं’. शास्त्रातली ही उणीव भरून काढायला आम्ही चौघे मित्र जुलैच्या शेवटी तीन मोटारसायकलींवर नगरहून घाटघरला निघालो. (२०२४ पासून कागदावर अहिल्यानगर आहे, जिभेला वेळ लागतोय.)

या विषयाला आमच्या जिल्ह्यासारखी प्रयोगशाळा नाही. क्षेत्रफळ सतरा हजार चौरस किलोमीटरच्या वर, राज्यात पहिला नंबर. नगर शहरात वर्षाकाठी साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडला तर लोक समाधान मानतात. त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या कड्यावर बसलेल्या घाटघरात पाच हजारांच्या आसपास पडतो. मध्ये अंतर दीडशेएक किलोमीटर. म्हणजे सकाळी धूळ खात निघालेला माणूस दुपारी कुठेतरी भिजणार, हे नक्की. वाद फक्त ‘कुठे’ एवढाच.

दुचाकीवर बोलायचा नगरकराला वारसाहक्कही आहे. लूना आमच्याच गावच्या कारखान्यातली. तिच्या काळात हा प्रश्न नव्हता. लूनावर मागे बसलेला माणूस छत्री उघडून धरी आणि दोघे कोरडे घरी पोचत. वेग वाढला आणि शास्त्राची गरज पडली.

न्यायशास्त्रात ज्ञानाची चार प्रमाणं सांगितली आहेत. ती आम्ही क्रमानं लावून पाहिली.

प्रत्यक्ष, म्हणजे हेल्मेटच्या काचेवरचा थेंब. राहुरी सोडल्यावर बुलेटवाल्यानं हात वर केला, “आला!” थांबून पाहिलं तर चिलट. उसाच्या पट्ट्यात हे प्रमाण टिकत नाही.

अनुमान अधिक भारदस्त. जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, तसं जिथे जिथे ओला शर्ट तिथे तिथे पाऊस. कोल्हारच्या पुढे समोरून एक जण ओलाचिंब होऊन येताना दिसला. आम्ही लगेच गाड्या बाजूला घेऊन रेनकोट चढवले. तो जवळ येऊन थांबला, आमच्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं. “काय झालं ओ?” उसाला पाणी भरताना पाइप निसटला होता त्याचा. यालाच हेत्वाभास म्हणतात.

उपमान आमच्यापैकी कुणालाच नीट कळलेलं नाही, म्हणून सोडलं.

राहिलं शब्दप्रमाण, म्हणजे आप्ताचं, विश्वासू माणसाचं सांगणं. संगमनेरचा चहावाला म्हणाला, “आज नाही येत.” अकोल्याचा म्हणाला, “वर लागलाय, बसा जरा.” बसलो, दुसरा चहा झाला, तिसरा झाला. ज्याच्या चहाची विक्री आपल्या थांबण्यावर आहे त्याला आप्त म्हणावं का, यावर राजूरपर्यंत एकमत झालं नाही. तिथे पेढे घेतले आणि वाद मिटला.

आता कृतीविषयी. जॅकेटाचं काही नाही. खरी मेख पँटमध्ये आहे. विकणाऱ्यानं सांगितलेलं असतं, बुटासकट जाते. जाते, टाचेपर्यंत. मग माणूस एका हातानं पेट्रोलची टाकी धरून एका पायावर नाचतो, दुसरा पाय त्या नायलॉनच्या बोगद्यात अडकलेला, आणि शेजारून एसटी चिखल उडवत जाते. चेन लागेपर्यंत आतला माणूस भिजलेला असतो. आता रेनकोट त्याला कोरडा ठेवत नाही, ओला राखतो. शिवाय टाकीवरून ओघळलेलं पाणी सीटच्या पुढच्या खळग्यात साचतं. भंडारदऱ्याच्या धरणाची क्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट. या दुसऱ्या जलाशयाची मोजदाद सभ्य समाजात कुणी केलेली नाही.

शेंडीच्या अलीकडे तो खरा आला. पुष्य नक्षत्राचा, म्हणजे म्हातारा पाऊस. पण इकडचा म्हातारा काठी टेकत येत नाही. भाताच्या खाचरांत गुडघाभर पाण्यात लावणी चालली होती, बायकांच्या डोक्यापाठीवर प्लास्टिकच्या खोळी, आणि त्यांच्यात रेनकोटाची चर्चा कुणीही करत नव्हतं.

आमच्यातल्या पारनेरच्या स्प्लेंडरवाल्यानं मात्र सकाळपासून एकदाही रेनकोट घातला नव्हता. पिशवी मागे बांधलेली, तोंड उघडं. रतनवाडीच्या वाटेवर तो इतका भिजला की खिशातली नोट पिळून निघाली असती. “अरे, घाल की आता!”

“टँकरची वाट बघत मोठा झालोय,” तो म्हणाला. “आयता आलाय तर अडवू कशाला?”

या पूर्वपक्षाचं खंडन आम्हाला जमलं नाही. अमृतेश्वराच्या मंदिरात उभं राहून प्रयत्न केला, घाटघरच्या कोकणकड्यावर धुक्यात केला. तिथे तर समोरचा पक्षच दिसत नव्हता.

परतताना क्रम उलटा झाला. अकोल्यात सर, संगमनेरात भुरभुर, लोणीत नुसतं आभाळ. विळद घाटात धूळ. तिथे चहाला थांबलो तर टपरीवरचे लोक आम्हा तिघांच्या रेनकोटांकडे बघत होते. पारनेरकर वाऱ्यानं केव्हाच वाळला होता. त्यानं मागची पिशवी सोडली, तर ती जड. न घातलेल्या रेनकोटाच्या घड्यांत घाटघरचा पाऊस साचलेला.

मोजल्याशिवाय टाकायचं नाही, असं ठरलं. टपरीवाल्याकडून काचेचे ग्लास मागून घेतले. तीन ग्लास भरले, चौथा अर्धा. रस्त्याकडेला लोखंडी जाळीत एक लिंबाचं रोप होतं, पानं मिटलेली. पारनेरकरानं एकेक ग्लास जाळीतून हात घालून बुडाशी ओतला. चौथ्याला टपरीवाला म्हणाला, “ग्लास धुवून द्या बरं का.”