आडकाठीचा दर

रायपूरच्या गुढियारीसारख्या घाऊक बाजारपेठेत रस्ता अडवायला परवानगी कशाला? तेलाचा रिकामा डबा, दोन विटा आणि एक आडवा बांबू, झाले काम. याला बॅरिकेड म्हणायची मात्र सोय नाही. तो मान प्रायोजकाचे नाव रंगवलेल्या सरकारी लोखंडी सांगाड्याचा. वास्तविक हा फ्रेंच शब्द पिंपावरून आलेला, आणि 1588 मध्ये पॅरिसच्या रहिवाशांनी राजाचे सैन्य अडवले तेही पिंपे रचूनच. म्हणजे डब्याचा हक्क जुना. कायदा नावात अडकत नाही. दंड संहितेच्या 283 कलमात वाट अडवणाऱ्याला फार तर 200 रुपये दंड होता. जुलै 2024 पासून न्याय संहितेच्या 285 कलमाने ती मर्यादा 5000 केली. दर पंचवीसपट झाला, बांबू जागचा हलला नाही.

कुणी म्हणेल, पालिका गतिरोधक देत नाही, मग भरधाव गाड्यांपासून पोरे वाचवायची कशी? रास्त आहे. पण पोरे झोपल्यावर त्याच बांबूआड मालकाची गाडी उभी राहते, तिला कोणाचे भय? आणि रात्री रुग्णवाहिका आली तर खाली उतरून बांबू उचलायचा कोणी?