नुसताच परवाना

प्लेनोतल्या आमच्या घरामागचं कुंपण सहा फुटी, लाकडी. मागच्या गारपिटीत त्याची एक फळी निखळली, ती आम्ही दोघींनी अजून मुद्दामच बसवून घेतलेली नाही. त्या फटीतून कढीपत्ता येतो, डबे जातात, आणि बातम्यांना तर फटही लागत नाही.

परवा शेजारच्या मावशी मेथीच्या वाफ्याला पाणी घालत होत्या.

"मावशी, ऐकलंत का? आमच्याकडे पिस्तूल येतंय."

"घरात घेणारेस ते?"

"मला कोण विचारतंय! नवरा एच-वन व्हिसावर होता तोवर बंदूक बाळगायची सोय नव्हती. शिकारीचा परवाना वगैरे काढला तरच, आणि हा तर झुरळ मारायला मला हाक मारतो. आता ग्रीन कार्ड आलं. लोक कार्ड आलं की आईवडिलांना भेटून येतात, हा बंदुकीच्या दुकानात जाऊन आला."

"मग परवान्याच्या वर्गाला नाव घातलं का?"

"कसला परवाना? टेक्सासात आता लागत नाही म्हणे. १ सप्टेंबर २०२१पासून एकवीस पुरी झालेला आणि कायद्याने बंदूक ठेवू शकणारा कुणीही ती बरोबर घेऊन फिरू शकतो. तोंडपाठ आहे त्याला."

मावशींनी नळ बंद केला. म्हणजे आता बैठक लांबणार.

"अगं, लागत नाही म्हणजे मिळत नाही असं थोडंच आहे? त्याला विचार, मुलीची शाळा किती लांब आहे."

"लांब कुठली? मागच्या गल्लीत."

"म्हणजे हजार फुटांच्या आतच. टेक्सासने सोडलं म्हणून वॉशिंग्टनने सोडलेलं नाही. शाळेच्या हजार फुटांत भरलेलं पिस्तूल घेऊन रस्त्यावर आला की फेडरल गुन्हा. सूट आहे ती त्याच राज्याचा परवाना काढलेल्याला. घरात आहे तोवर ठीक. पण गाडी ड्राइव्हवेतून खाली उतरली की झालं!"

मी गप्पच झाले. आमच्या गाडीला बाहेर पडायला शाळेवरूनच रस्ता आहे.

"सँटा फेला जाता ना तुम्ही सुट्टीत? न्यू मेक्सिकोत भरलेलं पिस्तूल लपवून पायी फिरायचं तर परवाना लागतो. आपला तिथे चालतो. कॅलिफोर्नियात मात्र आपला कागद म्हणजे रद्दी, तेव्हा नणंदेकडे जाताना हौस घरी ठेवायची. आणि विमानतळ! बॅगेत पिस्तूल विसरून तपासणीपर्यंत गेलेले महाभाग दरवर्षी निघतात. परवाना असला आणि सांगितल्याबरोबर मुकाट्याने मागे फिरला, तर इथला पोलीस बेड्या घालत नाही. फेडरल दंडाची चिठ्ठी येते ती येतेच."

"तुम्हाला हे सगळं कसं माहीत?"

"पास आहे मी! काकांनी पिस्तूल आणलं तेव्हा म्हटलं, वस्तू घरात राहणार तर तिचा कायदा मला ठाऊक हवा. चार ते सहा तासांचा वर्ग. नेम शिकवतील म्हणून गेले, तर निम्मा वेळ पिस्तूल कुठे न्यायचं नाही तेच. दारावरच्या पाट्या वाचायच्या. एक पाटी परवाना नसलेल्यांसाठी, परवानेवाल्यांसाठी निराळी. बारवर लाल ५१ दिसलं की दोघांनाही बंदी. मग पन्नास गोळ्या, तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून. अडीचशेपैकी १७५ला पास. मला २३१. काकांना किती, ते त्यांना विचारू नकोस."

"आणि खर्च?"

"सरकारी फी चाळीस डॉलर. पूर्वी १४० होती. वर्गाचे वेगळे."

मग मावशी माहेरी गेल्या. राजापूरकडे त्यांच्या वडिलांची ठासणीची बंदूक होती, वानर-डुकरांपासून शेती राखायला. तिचा परवाना देवघरातल्या पेटीत असे, आणि निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्यायची. "मतदान संपेपर्यंत वानरांची दिवाळी," मावशी म्हणाल्या. बंदुकीपेक्षा कागद जपायचा, हे त्यांना लहानपणापासून माहीत. आमच्या घरी बंदुकीचं नावही नव्हतं, म्हणून मला नवल.

"आता कुठे ठेवता पिस्तूल?" मी हळूच विचारलं.

"कुठलं? काकांनी दोन वर्षांत विकून गोल्फच्या काठ्या घेतल्या. परवाना मात्र मी चालूच ठेवलाय. ऑस्टिनच्या कॅपिटलमध्ये धातू तपासायची लांबलचक रांग असते. परवानेवाल्यांना वेगळ्या दाराने आत सोडतात. नुसती रांग चुकवायला परवाना काढणारे लोक आहेत तिथे. तुझी बहीण आली होती ना, तिला दाखवायला नेलं, ती उन्हात रांगेत आणि मी आत पंख्याखाली!"

तेवढ्यात आमच्या मागच्या दारातून आवाज आला, "अगं, चहा?"

मावशी फळीच्या फटीला तोंड लावून म्हणाल्या, "जावईबापू, शनिवारी सकाळी मोकळे आहात का?"